कंदुरी: एका मटणाच्या पंगतीचा इतिहास कसा वाचायचा?

काश्मीरच्या वाझवानबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एका त्रामीत चौघं जेवतात, रिस्ता, रोगनजोश येतं आणि शेवटी गुश्ताबा आला की जेवण संपलं असं समजायचं. आपल्या जालना जिल्ह्यातही मटणाची अशी एक मानाची पंगत आहे, कंदुरी. पण तिच्याकडे ‘संशोधनाचा विषय’ म्हणून बघायचं आपल्याला सहसा सुचत नाही. आज तेच करून बघू.

मूल व्हावं, आजारपण टळावं म्हणून पिराला बोकड बोलायचा. नवस फिटला की दर्ग्याजवळ किंवा शेतात चुली मांडायच्या, पिराला मलिदा दाखवायचा आणि भावकीला, गावाला मटणाचा रस्सा-भाकरी जेवू घालायची. हे मुसलमान कुटुंबं करतात, तशीच मराठा, धनगर, दलित कुटुंबंही करतात.

आता शब्द बघा. फारसीत ‘कंदुरी’ म्हणजे जेवताना अंथरायचं कापड किंवा चामडं, थोडक्यात दस्तरखान. कापडावरून अर्थ सरकला पंगतीवर, पुढे पीर-बीबीच्या नावाने घातलेल्या जेवणावर, आणि आपल्याकडे थेट बोकडाच्या नवसावर. तमिळनाडूत नागोरच्या दर्ग्याचा उत्सव ‘कंदुरी’ म्हणून ओळखला जातो. मलय भाषेत ‘केंदुरी’ म्हणजे सामुदायिक जेवण, तिथे बोकड हवाच असं नाही. या तुलनेतून एक मुद्दा हाती लागतो: शब्दाचा गाभा पंगत आहे, बळी नाही.

दुसरा धागा माणसाचा. गावगाड्यात मुलाणी होता. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गाव-गाडा’ या पुस्तकात गावच्या अशा हक्कदारांचं तपशीलवार वर्णन आहे. बोकड हलाल करणं हे मुलाण्याचं काम, आणि हिंदू घरंसुद्धा त्यालाच बोलवायची. त्याबद्दल त्याला ठरलेला वाटा मिळायचा. म्हणजे कंदुरी नुसत्या श्रद्धेवर चालत नव्हती. तिच्यामागे हक्क, काम आणि मोबदला यांची व्यवस्था होती.

इथेच विद्यार्थी अडकतात. कंदुरी दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘ही हिंदू प्रथा की मुस्लिम?’ कुणी तिला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढतं, कुणी ऐक्याचं गोड उदाहरण म्हणून मिरवतं. दोन्हीकडे माणसं गायब होतात. बोकड विकत घेताना काढलेलं कर्ज दिसत नाही. पंगतीत कोण कुठे बसलं, कुणाला वेगळं वाढलं, हेही दिसत नाही. मटण एका हंड्यात शिजलं म्हणून जात संपली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विरोधसुद्धा पुरावाच असतो. गाडगेबाबा आयुष्यभर नवसाच्या बळीविरुद्ध आणि कर्ज काढून घातलेल्या जेवणावळींविरुद्ध कीर्तनांतून बोलले. इतक्या पोटतिडकीने कुणी बोलतं, तेव्हा ती प्रथा किती खोल रुजली होती आणि गरिबाला किती महाग पडत होती, हे दोन्ही कळतं.

तुम्हाला असा विषय घ्यायचा असेल तर ‘तुमची श्रद्धा काय?’ इथून सुरुवात करू नका. बोकड कितीला आणला? पैसे कुठून आले? कापलं कुणी, त्याला काय दिलं? रस्सा कुणी शिजवला? उरलेलं घरी नेलं का? कोण आलं नाही, आणि का? या प्रश्नांना लोक मोकळेपणाने उत्तरं देतात, कारण ते त्यांच्या जगण्यातले आहेत.

आणि हे काम लांबवू नका. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याआधीची कंदुरी जेवलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. दफ्तरातला कागद एखाद वर्ष थांबेल, ही माणसं थांबतीलच असं नाही.