नवा पार्ट बसवला आणि कॉम्प्युटर अडकायला लागला? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

नांदगाव (वार्ताहर) : विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. नवं मशीन घ्यायचं तर खर्च मोठा, म्हणून जुन्यातच रॅम वाढवायची, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकायची, असा मार्ग बरेच जण धरतात. सेवा केंद्रवाल्यांना तर आधारच्या कामासाठी जुन्या एल-झिरो ठसा मशीनऐवजी एल-वन मशीन घ्यावं लागलं. पार्ट बसतो, पैसे दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार सुरू होते, "कालपर्यंत बरो चलत होतो, आता मधीच अडकता."

घरचा कॉम्प्युटर असेल तर दोन दिवस थांबता येतं. पण तिठ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला, सेवा केंद्राला, सोसायटीच्या सचिवाला ते परवडत नाही. आंबा-काजू विम्याची मुदत नोव्हेंबरअखेर येते. शेवटच्या आठवड्यात मशीन बसलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून ही माहिती एकदा वाचून ठेवा.

पहिलं काम : डेटा वाचवा

मशीन अधूनमधून का होईना चालू होत असेल, तर दुरुस्तीच्या आधी गरजेच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. टॅलीचा डेटा, लोकांचे फॉर्म, पावत्या, फोटो, सगळं. "फॉरमॅट मारूया, होईल नीट" हा सल्ला घाईने ऐकू नका. पार्ट चुकीचा किंवा सैल असेल तर फॉरमॅट मारूनही मशीन अडकणारच, वर डेटा गेलेला.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार केला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ही की बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप उघडण्याआधीच ती काढून कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर आतला डेटा कुणालाच काढून देता येत नाही.

दुसरं काम : नवं काढा, जुन्यावर चालवा

एकावेळी एकच गोष्ट बदलायची, हा साधा नियम. रॅम, एसएसडी आणि प्रिंटर एकाच दिवशी बसवले असतील तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

१. मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.
२. नवा पार्ट काढा आणि जुन्या पार्टवर अर्धा दिवस तरी नेहमीचं काम करा.
३. मशीन नीट चाललं, तर दोष नव्या पार्टात, त्याच्या जोडणीत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे.
४. तरीही अडकलं, तर पार्ट बसवताना दुसरी एखादी वायर हलली असेल किंवा दुखणं आधीपासूनचं असेल.

निळा स्क्रीन आला तर लगेच मोबाईलने फोटो काढा. खाली लिहिलेला स्टॉप कोड दुरुस्ती करणाऱ्याचे दोन तास वाचवतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ दिसलं तर आधी रॅम तपासा. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर डिस्क, तिची केबल किंवा बायोसची सेटिंग बघा. हे इशारे आहेत, शेवटचा निकाल नव्हे.

रॅम

डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या मशीनची नाही. डीडीआर३ मध्येही दोन जाती आहेत, १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची (डीडीआर३एल). काही लॅपटॉप फक्त दुसरीच घेतात. दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या लावल्या तर बहुधा दोन्ही कमी वेगाने चालतात. कधी कधी मात्र त्यांचं एकमेकींशी जमत नाही आणि मशीन अडकतं.

तपासायचं कसं? एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा, भुगा झटका, दोन्ही बाजूंचे खटके ‘टक्’ वाजेपर्यंत बसवा. मग स्टार्टच्या शोधात इंग्रजीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाइप करून चाचणी लावा. चाचणीत एरर आली तर पट्टी बिलासकट परत न्या.

आठ जीबी घालून चारच्या आत दिसत असेल तर विंडोज ३२ बिटचं आहे का ते बघा. तिथे पट्टीचा दोष नसतो.

एसएसडी

नवी एसएसडी ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका. कोरी डिस्क आधी ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तयार करावी लागते. पण जुनी, डेटा असलेली डिस्क जोडल्यावर विंडोजने "फॉरमॅट करायची का?" विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. डेटा जातो तो इथेच, एका क्लिकमध्ये.

एम.टू एसएसडी घेताना स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा ते विचारून घ्या. काही मदरबोर्डवर एम.टू लावली की एक साटा पोर्ट बंद होतो आणि जुनी हार्डडिस्क गायब झाल्यासारखी वाटते. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते.

प्रिंटर, ठसा मशीन, बाहेरची डिस्क

डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसला की ड्रायव्हरची गडबड समजायची. ड्रायव्हर फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. विंडोज नीट चालत नसेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात सेफ मोड निवडा. सेफ मोडमध्ये मशीन न अडकता चाललं, तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

ठसा मशीन बदललं असेल तर जुन्या मशीनची आरडी सर्व्हिस काढून टाका. दोन्ही राहिल्या तर पोर्टल भलत्याच मशीनला हाक मारतं आणि ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं.

जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो, यूएसबी ३ चा पोर्ट ९००. बिनविजेच्या स्वस्त हबवर बाहेरची हार्डडिस्क, ठसा मशीन आणि वेबकॅम एकत्र लावले तर वीज पुरत नाही. डिस्क सरळ मागच्या पोर्टला लावा.

आपल्याकडची खरी दुखणी : वीज आणि दमट हवा

मशीन निळा स्क्रीन न दाखवता एकदम बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं, तेव्हा आधी विजेकडे बघा. ग्राफिक कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेतं, मोठ्या कार्डला वेगळी वायर लागते. जुना एसएमपीएस तेवढा भार पेलत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात आणखी एक गोष्ट बघा. प्रिंट दिली की मशीन रीस्टार्ट होतं का? मग लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर लावलेला असेल. लेझर प्रिंटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि लहान यूपीएस कोसळतो. प्रिंटर वेगळ्या प्लगवर घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की आणखी बिघडतं. खड्ड्यात पाणी घालत राहा. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा, सोबत इंटरनेटची केबलही काढा. वीज त्या केबलमधूनही आत येते.

मालवण-देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत स्लॉटचे दात गंजतात. कॅबिनेटमध्ये मुंग्या घर करतात, पाली शिरतात. कॅबिनेट उघडलंच आहे तर कोरड्या ब्रशने साफ करून घ्या.

कधी थांबायचं?

जळका वास आला, लॅपटॉपची बॅटरी फुगली किंवा हार्डडिस्क ‘टक् टक्’ वाजू लागली, तर त्याच क्षणी बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितल्याने डिस्क कायमची जाते.

कणकवलीला दुकानात नेताना या गोष्टी लक्षात ठेवा :

- कोणता पार्ट कधी बसवला, एरर कधी येते, हे कागदावर लिहून द्या.
- नव्या पार्टचं बिल जपा, वॉरंटीचं स्टिकर फाडू नका.
- काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या.
- लेखी विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, असं पावतीवरच लिहून घ्या.
- सेवा केंद्राच्या मशीनमध्ये गावच्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं असतात. शक्य असेल तर ती फाइल आधी बाहेर काढून मशीनवरून पुसा, मगच मशीन द्या.

आणि नवा पार्ट बसवायचाच असेल तर मुदतीच्या आठवड्यात बसवू नका. काम कमी असेल तो दिवस धरा, म्हणजे काही अडलं तरी जुना पार्ट परत लावून संध्याकाळपर्यंत दुकान चालू करता येतं.