मक्ता कोणाच्या हातीं?

श्रोतेहो, सरकारी मक्ता एकानें घ्यावा व राबवावा दुसऱ्यानें, ही चाल जुनीच. 1872 च्या करार कायद्यानें ठरविलें कीं, जें काम ज्याच्या अंगच्या गुणांवर विसंबून दिलें, तें त्यानेंच करावें. पुढें 1962 सालीं खरदाह कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हक्क व जबाबदारी यांत भेद केला: हक्क एक वेळ दुसऱ्यास देतां येईल, जबाबदारी मात्र समोरच्याच्या संमतीवांचून नाहीं.

आतां नवी मुंबईचा विमानतळ पहा. 2018 सालीं सिडकोनें ज्या कंपनीशीं करार केला, तिचें नांव कागदावर तसेंच राहिलें. मागचा जीव्हीके समूह जाऊन 2021 मध्यें अदानी समूह आला. मक्ता जागचा हलला नाहीं, धनी बदलला! त्यालाही राज्य मंत्रिमंडळाची मान्यता लागली, हें ठीकच. पण 2017 च्या निविदेंत पारखला गेला तो जुना समूह. ऑक्टोबर 2025 मध्यें उद्घाटनाच्या वेळीं यजमान होता तो नवा.