अंगणातली आगटी

गेल्या दिवाळीत धाकटा पोरगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "आबा, अंगणाच्या मधोमध एक शेकोटीचा खड्डा करू या. पक्का, बांधीव. सुट्टीला आल्यावर सगळ्यांना बसायला होईल."

मी सरळ नाही म्हणालो. अंगणातली शहाबादी माझ्या वडलांनी १९८८ साली उसाच्या बिलातनं घातलेली. तिचा एक तुकडासुद्धा उचलायचा नाही, असं मी म्हणालो. खरं कारण ते नव्हतं, पण पोरापुढं खरं कारण लगेच कुणी सांगतं काय?

आमचं गाव पाटण तालुक्यात. फरशीच्या आधी ह्याच अंगणात शेणानं सारवलेली भुई होती आणि मधोमध आगटी. आगटी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. हातभर रुंद, वीतभर खोल खळगा. त्यात गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, ज्वाळ बसली की उरलेल्या आरावर शाळवाची कोवळी कणसं भाजायची आणि गरम गरम हातावर चोळून हुरडा काढायचा. शेकोटी कुठंबी पेटते, काटक्या गोळा केल्या की झालं. आगटीला मात्र जागा ठरलेली. आमच्याकडं एकच खळगा दोन्ही कामं करायचा. हुरड्याला आगटी, थंडीला शेकोटी.

ही रीत किती जुनी असेल? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर ही मोठी माणसं त्यात होती. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं तिथं सापडली. कुडाच्या भिंती, चोपलेली भुई, धान्याच्या कणग्या, घरात चूल आणि बाहेर अंगणात आगीचे खड्डे. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. घर म्हटलं की चूल आत आणि आगटी बाहेर, ह्यात नवल कसलं! आतली चूल बाईमाणसाच्या ताब्यात, घरच्यांपुरती. बाहेरची आग येईल त्याची.

येईल त्याची म्हणजे काय, ते मी सात वर्षांचा असताना बघितलं. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेलेले. आधी आवाज आला, जमिनीखालनं जड गाड्या चालल्यागत. मग भुई हलली. थोरल्या भावानं, अण्णानं, मला वाकळेसकट उचलून अंगणात टाकलं. मागली भिंत बसली. म्हैस दाव्यालाच मेली. उजाडल्यावर कळलं की कोयनानगर झोपलंय. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. विजेचं घर बंद पडलं, मुंबईचे दिवे गेले म्हणत. आमच्याकडं दिवे नव्हतेच, जायचे कुठनं! म्हातारी माणसं म्हणायची, धरणात पाणी साठवलं म्हणून भुई हलली. तेव्हा त्यांना कुणी वेड्यात काढलं असेल, पण पुढं शास्त्रज्ञांनीही धरणाचं पाणी आणि तो भूकंप यांचा संबंध लावला.

धक्के पुढं चालूच राहिले. छपराखाली जायची कुणाची छाती होईना. आमचं अंगण रुंद, म्हणून गल्लीतली चार घरं आमच्यात झोपायला आली. डिसेंबरची थंडी, दरीतलं गार वारं. त्या खळग्यातली आग आजीनं महिना-दीड महिना विझू दिली नाही. रात्री पाळीपाळीनं एकजण जागा राहायचा, लाकूड सारायचा. आगीच्या जवळ पोरं, मग बाया, मग बापे. एरवी कुणी कुणाच्या पंगतीला बसत नव्हतं, त्या दिवसांत मात्र एकाच आरावर सगळ्यांच्या भाकरी शेकल्या गेल्या. पुन्हा भिंती उभ्या राहिल्या तशा पंगतीही वेगळ्या झाल्या, हेही सांगितलं पाहिजे.

तर अशा खळग्यावर वडलांनी फरशी घातली. त्यांची हौस रास्त होती. आईची सारवून सारवून कंबर गेलेली, पावसाळ्यात दारात चिखल. गुलबर्ग्याकडचा निळसर करडा शहाबादी ट्रकनं आला, गवंड्यानं आठ दिवसांत अंगण आरशागत केलं. खळगा मुरूम घालून बुजवला.

पुढल्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. पोरं मागं लागली म्हणून मी सवयीनं जुन्या जागी, फरशीवरच, काटक्या पेटवल्या. शहाबादी हा चुनखडीचा दगड. थराथरांचा. आदल्या दिवशी फरशी धुतलेली, थरांत ओल होती. खालनं ओल आणि वरनं जाळ. दहा मिनिटांत बंदुकीगत आवाज झाला आणि फरशीची कपरी उडाली. अण्णाचा थोरला पोरगा समोर बसलेला, नऊ वर्षांचा. भुवईवर लागली. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता. कऱ्हाडला नेऊन पाच टाके घातले.

अण्णा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढं वाटणी झाली, त्याला कारणं दुसरी होती, जमिनीची, पाण्याच्या पाळीची. पण त्या दिवसापासनं तो आमच्या अंगणात बसायला आला नाही. लग्नकार्याला आला, उभ्या उभ्या गेला.

हे सगळं पोराला एका संध्याकाळी सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग फरशीवर नको, फरशी काढून करू."

चार फरश्या उचलल्या. पहारीनं नव्हे, छिन्नीनं सांधे मोकळे करून, एकही फुटू न देता. खाली वाळू, वाळूखाली मुरूम आणि त्याखाली काय निघावं? हातभर राखेचा थर, काळाभोर, मध्ये जळक्या मातीचे लाल तुकडे. जुनी आगटी जागेवर होती. पोरानं फोटो काढले. मी मूठभर राख हातात घेऊन बसलो.

गवंडी म्हणाला, सिमेंटची रिंग बसवतो. मी नको म्हणालो, आगीनं सिमेंट खिळखिळं होतं. ओढ्याचे गोटे तर नकोच, ओला गोटा तापला की तोही फुटतो. आमचं गुऱ्हाळ बंद पडून वीस वर्षं झाली, त्याच्या चुलवाणाच्या विटा मळ्यात पडून होत्या. आगीत भाजून भाजून ठरलेल्या. त्या आणल्या, मातीतच लावल्या. खड्डा तीन फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला खडी, म्हणजे पाणी जिरतं. कड फरशीच्या वर वीतभर घेतली. अंगण धुतल्याचं पाणी आत जायला नको आणि पोराटोरांचा पाय पडायला नको. कडेच्या फरश्या विटांपासून चार बोटं लांब ठेवून मध्ये वाळू भरली, म्हणजे ताप दगडाला थेट लागत नाही. पावसाळ्यासाठी पत्र्याचं झाकण. वैरणीची गंजी हलवून गोठ्यामागं नेली. लाकूड बाभळीचं, नाहीतर गोवऱ्या. उसाचं पाचट टाकायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद. त्याच्या ठिणग्या कौलापर्यंत जातात.

पहिल्यांदा पेटवायच्या दिवशी मी अण्णाच्या दारात गेलो. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. म्हणालो, "आगटी केलीय. जुन्या जागी."

"फरशी?"

"काढली."

तो काही बोलला नाही. मी परत आलो. अंधार पडल्यावर काठीचा आवाज आला. अण्णा पुढं आणि मागं त्याचा तो पोरगा, भुवईवरची खूण अजून दिसते, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन. अण्णानं काठीनं विटा ठोकून बघितल्या, सगळ्या, एकेक करून. मग म्हणाला, "चुलवाणाच्या हायत न्हवं ह्या?"

"हो."

"मग चालतंय," म्हणाला, आणि वाऱ्याची बाजू बघून, धूर येणार नाही अशा जागी बसला.