आधी ओझं मोजा

बार्शी भागात रस्त्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात रुळापासून करावी लागते. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली. त्याआधी कापूस, धान्य सगळं बैलगाडीनं मोठ्या लाइनीपर्यंत जायचं. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हिशेब असा केला, की इथं मोठी रेल्वे परवडायची नाही, तर रूळ हलके टाकू आणि एका आसावर पाच टनांच्या वर भार येणार नाही अशी इंजिनं, डबे करू. पुढं ही गाडी 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेला पोचली. कंपनी आली ती नफ्यासाठीच, ते वेगळं. पण त्या माणसानं आधी ओझं मोजलं आणि मग वाट आखली, एवढं मला पटतं.

1972 च्या दुष्काळात नेमकं उलटं झालं, आणि व्हायलाच पाहिजे होतं. मी तेव्हा बारा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची. रस्ता कुठं हवा यापेक्षा हाताला काम कुठं देता येईल, हे बघून आखणी व्हायची. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला, 1977 चा. त्या कामांनी माणसं जगली, त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्या शिवारातला त्या वेळचा रस्ता ओढ्याच्या काठाला येऊन थांबला तो थांबलाच. खडी फोडायला हात होते, पुलाला पैसा नव्हता.

या थांबलेल्या रस्त्यामुळंच काही वर्षांमागं गावात नव्या रस्त्याची मागणी निघाली. गावापासून हमरस्त्यापर्यंत काळ्या रानातून सरळ दोन किलोमीटर, रुंदी 12 मीटर. कागदावर रेघ झकास दिसत होती. मी दहावीपर्यंतचं गणित लावलं. 2.4 हेक्टर, म्हणजे सहा एकराला जरासंच कमी. ती रेघ एका विधवा बाईच्या तीस गुंठ्यांच्या मधून जात होती. नव्वद मीटरची पट्टी गेली की जवळजवळ अकरा गुंठे गेले. विहीर एका अंगाला, रान दुसऱ्या अंगाला. ती मला म्हणाली, "भावजी, पैसे मिळतील हो. पण मोटारीचं पाणी काय डांबरावरनं नेऊ?"

मागणारेही खोटे नव्हते. पलीकडच्या वस्तीवरचं बाळंतपण पावसाळ्यात अडलं की बाजेवर घालून न्यावं लागायचं. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी पारावर बसून विचारलं, की बाबांनो, अडतं नेमकं कधी आणि कुठं? दूध रोज दोन वेळा जातं, ते जात होतंच. ऊस चार महिने. शाळेच्या पोरांचं अडत होतं ते एसटी अवेळी येते म्हणून. उरलेलं सगळं अडत होतं ते एकाच जागी, ओढ्यात. रस्ता लांब आहे ही तक्रार खरी कुणाचीच नव्हती.

मग तलाठ्याकडचा गावनकाशा बघितला. त्यात दुहेरी तुटक रेघ असली की गाडीवाट, एकेरी असली की पाऊलवाट. आमच्या गावठाणातून हमरस्त्याकडं जुनी गाडीवाट स्पष्ट दाखवलेली. गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. प्रत्यक्षात बघावं तर कुठं सात फूट, कुठं नुसती बोरी-बाभळी. दोन्ही बांधकऱ्यांनी दर नांगरटीला एक-एक तास आत घेतलेलं. त्यात आमची भावकीही होती. अशी अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, त्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. शंभर वर्षांवरचा कायदा, पण गावात निम्म्यांना माहीत नव्हता. मुळात वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, बांधावरून वाट मागायचं. दोन्हींत फरक आहे, आणि अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला तर वरीस वाया जातं.

ग्रामसभेत तिन्ही गोष्टी मांडल्या. जुनी वाट मोकळी करून मुरूम टाकायचा, ओढ्यावर फरशी पूल घ्यायचा आणि एसटी सकाळी शाळेच्या वेळेला मागायची. एक तरुण कार्यकर्ता उठला. "आप्पा, साडेसोळा फुटांत समोरासमोर उसाचे दोन ट्रॅक्टर कसे निघतील?" प्रश्न रास्त होता. दर दोन-तीनशे मीटरवर बांधाच्या कडेला थांबायला जागा सोडायची ठरली. त्याला दोघा शेतकऱ्यांनी आपणहून दोन-दोन गुंठे दिले. सक्तीनं सहा एकर घेणं आणि राजीनं चार गुंठे मिळणं, यातला फरक कागदावर दिसत नाही.

पूल झाला. मोठ्या पुरात दोन-चार तास पाणी वरून जातं, तेवढं थांबावं लागतं. उद्घाटनाला कुणी मोठं माणूस आलं नाही. फरशी पुलाला नारळ फोडायला कोण येतंय! वाट पाऊण मोकळी झाली. एसटीची वेळ अजून तीच आहे. पोरं वडाप धरतात.

त्या बाईनं औंदा विहिरीलगत कांदा केलाय. राहिलेल्या पाव वाटेत एकानं गोठा बांधलाय, त्याची तालुक्याला पुढच्या महिन्यात तारीख आहे.