त्वचेचा कर्करोग व रक्तवाहिन्या : एका कल्पनेचा इतिहास

रोग किती घातक, हें तो कोठें झाला व केवढा वाढला यांवरून ठरतें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास पाहतां आणखी एक प्रश्न विचारणें भाग पडतें : गांठीला अन्न कोण पुरवितें ? या प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचा आमचा विचार आहे.

सन १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या आरमाराला लांबच्या सफरींत टिकणारा असा रक्ताचा पर्याय हवा होता. त्या कामीं बेथेस्डा येथील आरमारी प्रयोगशाळेंत असलेले तरुण शस्त्रवैद्य जूडा फोकमन व त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनीं सशाची कंठग्रंथि काचपात्रांत ठेवून तींतून हिमोग्लोबिनचें द्रावण खेळविलें. ग्रंथि जिवंत राहिली. मग त्यांनीं तींत उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या. मेलॅनोमा म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा अत्यंत जहाल कर्करोग. पण येथें त्याच्या गांठी टांचणीच्या डोक्याएवढ्या होऊन थांबल्या. त्या मेल्या मात्र नव्हत्या; उंदराच्या अंगांत परत घालतांच त्या झपाट्यानें वाढल्या. फरक एवढाच कीं, उंदराच्या अंगांत त्यांच्यांत नव्या रक्तवाहिन्या शिरल्या. काचपात्रांत तसें घडलें नव्हतें.

सन १९४५ मध्येंच ग्लेन आल्जायर यांनीं उंदराच्या कातडींत पारदर्शक खिडकी बसवून गांठीकडे धांवणाऱ्या केशवाहिन्या पाहिल्या होत्या. फोकमन यांनीं सन १९७१ मध्यें पुढचें पाऊल टाकलें. गांठ एकदोन मिलिमीटरांपलीकडे वाढावयाची तर तिला नव्या रक्तवाहिन्या हव्यात. एक द्रव्य सोडून ती त्या आपणाकडे ओढून घेते. आणि हें ओढणें थांबवितां आलें तर गांठ उपाशी ठेवतां येईल, असें त्यांनीं मांडलें. या रक्तवाहिन्या केवळ दाहाचा परिणाम होत, असें तेव्हांचे पुष्कळ पंडित मानीत. त्यामुळें या मताची बरीच वर्षें उपेक्षा झाली. पुढें सन १९८९ मध्यें रक्तवाहिन्या वाढविणारें एक द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, आणि सन २००४ मध्यें त्याला अडविणारें बेव्हॅसिझुमॅब हें औषध आंतड्याच्या कर्करोगासाठीं अमेरिकेंत मान्य झालें.

मग रक्तवाहिन्या मोजून रोगाचा जहालपणा सांगतां येईल काय ? सन १९७० मध्यें ब्रेस्लो यांनीं दाखविलें कीं, मेलॅनोमाची जाडी मोजली असतां रोग्याच्या भवितव्याचा अंदाज बांधतां येतो. परंतु सारख्या जाडीच्या दोन गांठींपैकीं एक पसरते, दुसरी पसरत नाहीं. सन १९८८ मध्यें श्रीवास्तव व त्यांचे सहकारी यांना मध्यम जाडीच्या ज्या गांठी पुढें पसरल्या त्यांत रक्तवाहिन्यांनीं व्यापलेलें क्षेत्र अधिक आढळलें. पुढील सर्वांचींच मोजमापें मात्र याशीं जुळलीं नाहींत. शिवाय त्वचेच्या तळच्या थरासारख्या पेशींचा जो कर्करोग, त्याच्यावर बारीक रक्तवाहिन्या नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. तरी तो शरीरांत दूरवर क्वचितच पसरतो. ब्रिटनमध्यें शस्त्रक्रिया झालेल्या १३४३ मेलॅनोमा-रोग्यांच्या चांचणींत निम्म्यांना वरील औषध दिलें. रोग उलटण्याचें प्रमाण कांहींसें घटलें, पण आयुर्मर्यादा वाढली नाहीं, असें सन २०१८ मध्यें जाहीर झालें.

म्हणून आमच्या मतें फोकमन यांची कल्पना खरी, पण अपुरी होती. रक्तवाहिनी हा गांठीचा रस्ता होय. रस्त्यावांचून प्रवास नाहीं, पण केवळ रस्ता आहे म्हणून प्रवासी निघतोच असें नाहीं. हा प्रवासी कां निघतो, हें आपणांस अजून पुरतें उमगलेलें नाहीं. तोंवर त्याला घरींच गांठणें हा शहाणपणा. पातळ असतांना काढलेला मेलॅनोमा बहुधा बरा होतो. आपल्यासारख्या सांवळ्या लोकांत तो तळपाय, तळहात किंवा नखाखालीं आढळण्याचा संभव विशेष. तेथील काळा डाग वाढूं लागला, तर तो तीळ समजून स्वस्थ बसूं नये. वैद्यास दाखवावा, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.