डाक आणि दवा

'डाक' हा शब्द आज उच्चारला म्हणजे पत्रांची पिशवी आणि खाकी वेषांतला पोस्टमन एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु कंपनी सरकारच्या अमदानींत या शब्दाचा पसारा याहून मोठा होता. लांबच्या प्रवासास निघणारा गृहस्थ आधीं 'डाक बसवीत' असे. म्हणजे वाटेवरील प्रत्येक टप्प्यावर ताज्या दमाचे भोई किंवा घोडे अमुक दिवशीं तयार ठेवावे, असें अगोदर कळवून पैसे भरीत असे. वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांस डाकबंगले हें नांव त्यामुळेंच मिळालें. पत्र आणि माणूस एकाच व्यवस्थेनें जात. फरक इतकाच, कीं पत्र घाटांत गाडीवानाशीं भांडत नसे. पुढें या दोहोंची ताटातूट झाली. त्या ताटातुटीमुळें रोगी आणि वैद्य यांच्यामधला संबंध कसा पालटला, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या परिचयाचा मुंबई-पुणें रस्ताच घेऊं. १८०४ सालीं जनरल वेलस्लीनें तोफा नेण्यापुरता बोरघाट वाहता केला. पण गाडीनें सुखानें जातां येईल असा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत झाला व १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला झाला. तेव्हांचा प्रवासी मुंबईहून होडींत बसे. खाडींत भरतीचें पाणी असेल तरच होडी पनवेलीच्या धक्क्यास लागे; नाहींतर चिखलाकडे पाहत बसण्यावांचून गत्यंतर नसे. पनवेलीपासून पुढें सुमारें ७० मैल गाडीरस्ता: खोपवली, मग घाट, मग खंडाळा, मग पुणें. ठराविक अंतरावर घोडे बदलावयाचे, आणि घाटाची चढण लागली कीं आंतल्या मंडळींनीं उतरून चालूं लागावयाचें. भाडें मात्र बसल्याचें!

हा थाट कोणासाठीं होता? साहेब, अंमलदार, पेढीवाले, पारशी व्यापारी यांच्यासाठीं. बाकीचें जग पायींच चाले. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले, तेही पायींच. त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांत जी धूळ आहे ती गाडीच्या चाकांनीं उडालेली नव्हे. हाच भेद औषधोपचारांतही दिसतो. माल्कम साहेबांनीं १८२९ च्या सुमारास महाबळेश्वरीं आरोग्यस्थान वसविलें तें आजारी गोऱ्या लोकांना थंड हवा मिळावी म्हणून. डॉक्टर सांगे, "हवा पालटा." पण ही मात्रा घेण्यास आधीं गाडी-घोडे परवडले पाहिजेत. मुंबईंत १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तेथून आपल्यांतले डॉक्टर तयार होऊं लागले. तरी घाटावरच्या वा तळकोंकणांतल्या रोग्याला त्यांच्यापर्यंत पोंचावयाचें तर तोच रस्ता आणि तेंच भाडें.

मग आगगाडी आली. १८५३ सालीं ठाणें, १८५६ सालीं खोपवली, १८५८ सालीं वरच्या अंगास खंडाळा ते पुणें; मधला घाट मात्र कांहीं वर्षें पालखींतून नाहींतर गाडींतून चढावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतला लोहमार्ग सुरू झाला आणि पनवेलीच्या वाटेवरचा प्रवासी संपला. रेल्वे कल्याण-कर्जतकडून गेली. पनवेल बाजूस पडली.

त्याच पनवेलीस १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर औषधिशाळा काढली. एकामुळें दुसरें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण नव्या काळाची खूण म्हणून ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तोंवरचा वैद्य समोरच्या रोग्याची नाडी पाहून त्याच्यापुरतें औषध खलांत घोटीत असे. औषधिशाळेंत औषध आधीं सिद्ध होतें आणि रोगी मागाहून भेटतो, किंबहुना भेटतच नाहीं. असा न पाहिलेला रोगी गांठून देणारा कोणी तरी मध्यें हवा होता, आणि तो मध्यस्थ टपालखात्यानें पुरविला.

१८५४ सालीं पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरला. मग तें पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं कलकत्त्यास. १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड निघालें. परंतु औषधविक्यांच्या दृष्टीनें खरी क्रांति केली ती १८७७ सालच्या 'व्हॅल्यू पेयेबल' पद्धतीनें. ज्याला आपण व्ही. पी. म्हणतों तिची रचना किती चतुर आहे पाहा. विकणारा पुडकें टपालांत टाकतो. पोस्टमन तें दारीं आणून किंमत मागतो. पैसे मिळाले कीं पुडकें हातीं देतो आणि रक्कम विकणाराकडे रवाना होते. दोन परके, एकमेकांचें तोंड न पाहिलेले, तिसऱ्याच्या विश्वासावर व्यवहार करतात. १८८० सालीं मनिऑर्डरीही टपालखात्याकडे आल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत निघालेले कारखाने पाहिले म्हणजे हा योगायोग वाटत नाहीं: १८८४ सालीं कलकत्त्यास डॉ. बर्मन यांचा, १८९३ सालीं मुंबईस अमृतांजनाचा, आणि गांवोगांवचे कितीतरी. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर जाहिरात, तिच्याखालीं पत्ता, आणि 'पत्रव्यवहार गुप्त राखला जाईल' हें अभय.

या शेवटच्या वाक्याची सुशिक्षितांनीं पुष्कळ थट्टा केली आहे. आम्हांला ती सर्वस्वीं रास्त वाटत नाहीं. गांवांत एकच वैद्य, तोही वडिलांचा स्नेही. त्याच्यापुढें तरुणानें आपलें दुखणें कोणत्या तोंडानें सांगावें? बंद पाकिटानें त्याची ती अडचण दूर केली. फसविलें असेल, पण ऐकूनही घेतलें. मात्र ही गुप्तता कोणाला मिळाली हें पाहिलें पाहिजे. ज्याला लिहितां येत होतें त्यालाच.

आमच्या आजोबांच्या पेटींत १९३१ सालच्या तीन व्ही. पी. पावत्या आणि एका पत्राचा कच्चा मसुदा सांपडला. मसुदा त्यांच्या आत्यासाठीं एका औषधालयास लिहिलेला आहे. वय, प्रकृति, भूक, झोंप यांची उत्तरें अनुक्रमानें दिलीं आहेत. मुख्य आजाराच्या जागीं 'पोटाची तक्रार' एवढेंच आहे. बालविधवा आत्यानें भाच्याला याहून अधिक सांगितलें नसेल. त्यानें विचारलेंही नसेल. शेंकडों मैलांवरच्या वैद्याला जें खुशाल कळवितां आलें असतें, तें लेखणी धरणाऱ्या घरच्याच मुलामुळें कळवितां आलें नाहीं. औषध तीनदां आलें. गुण आला नाहीं.

औषधांत काय होतें, हा निराळा प्रश्न. या बाबतींत विलायतेनें आपल्याला नांवें ठेवूं नयेत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं तिकडच्या प्रसिद्ध गुप्त औषधांचें पृथक्करण छापलें. त्यांत बीचमच्या गोळ्या म्हणजे कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण असें निघालें. एक शिलिंग दीड पेनीस विकल्या जाणाऱ्या ५६ गोळ्यांतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा! व्ही. पी. चा दोष असा, कीं पैसे मोजल्यावांचून पुडकें उघडतां येत नसे. म्हणून पाठविणाराकडून, खऱ्या मागणीवरूनच माल पाठविला आहे, असें लिहून घेण्याची व्यवस्था १८९८ च्या टपाल कायद्यांत झाली. आणि फसवणूक आढळल्यास रक्कम रोखून परत देण्याची तरतूदही पुढें आली.

पण याच टपालखात्याची दुसरी बाजू विसरूं नये. १८९२ सालापासून बंगाल प्रांतांतील टपालकचेऱ्यांतून क्विनाईनची पुडी एका पैशास मिळूं लागली. हिंवतापानें गांजलेल्या खेड्यांत दवाखाना नव्हता, पण टपालकचेरी होती. ज्या पिशवींतून नपुंसकत्वावरचे लेह जात, तिच्यांतूनच हें खरेंखुरें औषध जाई, आणि पोस्टमनला दोहोंचें वजन सारखेंच.

कायदा फार उशीरां जागा झाला. औषधांच्या दर्जाविषयींचा १९४० सालीं. आणि जादूच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयींचा १९५४ सालीं, म्हणजे स्वराज्य आल्यावर. या दुसऱ्या कायद्याला, ज्यांच्यावर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करूं नये अशा रोगांची यादी जोडली आहे. मधुमेह, मोतीबिंदु, अपस्मार असें तें वाचीत जावें, तों जुन्या वर्तमानपत्राचें शेवटचें पानच कोणी नकलून काढलें आहे असें वाटतें.

आजोबांच्या मसुद्यांत 'पोटाची तक्रार' या शब्दांच्या वर दोन ओळी खोडलेल्या आहेत. शाई इतकी गडद फिरविली आहे, कीं कागद उजेडासमोर धरूनही अक्षर लागत नाहीं. तिसऱ्या पावतीनंतर आत्याच्या दुखण्याचा उल्लेख घरच्या कोणत्याच कागदांत नाहीं.