अथेन्सची हाफ-डे टूर आणि यावलहून अर्ध्या दिवसातलं चांगदेव : एका फोटोवरून निघालेली माहिती

परवा माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने ग्रीसमधून स्टेटस टाकलं. खाली निळा समुद्र, वर कड्यावर पांढरे खांब आणि खांबांच्या मधोमध बुडणारा सूर्य. त्यावर लिहिलेलं, 'हाफ डे कोच टूर'. मी तो फोटो आजीला दाखवला. तिने फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हे तं आपल्या चांगदेवसारखं दिसू राहिलं, पोरी."

खरं सांगायचं तर अजिबात तसं दिसत नाही. एक पांढऱ्या संगमरवराचं, एक काळ्या दगडाचं. एक समुद्रावर, एक नदीवर. पण आजीचं म्हणणं मला सोडेना. कारण दोन्हीकडची सहल मात्र अगदी सारखी आहे. शहरातून गाडीत बसायचं, दीड-दोन तासांत पाण्याकाठच्या जुन्या दगडी मंदिराशी उतरायचं, तास-दीड तास बघायचं आणि त्याच दिवशी घरी परतायचं. अथेन्समध्ये त्या अर्ध्या दिवसावर अख्खा धंदा उभा आहे. आपल्या यावलहून तीच सहल करायची तर कुठून सुरुवात करायची हे सांगणारं पानसुद्धा सापडत नाही. म्हणून हे.

आधी सुनियनचं बघू, म्हणजे तुलना नीट कळेल.

सुनियन हे अथेन्सपासून साधारण ७० किलोमीटरवरचं भूशिर. तिथे समुद्रापासून सुमारे ६० मीटर उंचीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचं मंदिर आहे. आज दिसतं ते बांधकाम इसवी सनापूर्वी ४४४ ते ४४० च्या आसपासचं. छप्पर नाही, मूर्ती नाही, काही खांब तेवढे उभे आहेत. समुद्रावरून परतणाऱ्या खलाशांना घर जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे हे मंदिर. दंतकथा अशी की राजा एजियस इथे मुलाची वाट बघत उभा होता. मुलगा थिसियस क्रीट बेटावर राक्षस मारायला गेलेला. जिवंत परतलो तर गलबताला पांढरी शिडं लावीन, असं तो सांगून गेला होता. राक्षस मेला, मुलगा वाचला, पण शिडं बदलायचं विसरला. काळी शिडं बघून बापाने समुद्रात उडी टाकली. त्या समुद्राला एजियन म्हणतात ते त्याच्यावरून.

टूरवाले दुपारी अथेन्समधून उचलतात, किनाऱ्याच्या रस्त्याने नेतात, गाडीतच गाईड माहिती सांगतो, सूर्यास्त दाखवतात आणि रात्रीच्या जेवणाला परत सोडतात. बऱ्याच टूरमध्ये मंदिराचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि ज्यांना टूरचे पैसे जास्त वाटतात त्यांच्यासाठी केटीईएलची साधी बस आहे. म्हणजे त्यांची एसटीच म्हणा.

आता आपल्याकडे या.

मुक्ताईनगर तालुक्यातलं चांगदेव हे गाव तापी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर आहे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असा वऱ्हाड ओलांडून येते. थोडक्यात, वऱ्हाडचं पाणी आणि सातपुड्याचं पाणी जिथे एकत्र होतं, तिथे हे मंदिर. पुराणात तापी ही सूर्याची मुलगी. त्यामुळे सूर्यास्ताचा फोटो काढायला सुनियनच हवं असं काही नाही.

मंदिर योगी चांगदेवांचं. त्यांची गोष्ट बहुतेकांना तुकड्या-तुकड्यांत माहीत असते. १४०० वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला आणि समोरून ही चार भावंडं चक्क भिंतीवर बसून आली. पण त्याच्या आधीचा प्रसंग मला जास्त आवडतो. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडले. वयाने मुलगा केवढासा, म्हणजे 'चिरंजीव' लिहायला हवं. ज्ञानाने मोठा, म्हणजे 'तीर्थरूप' लिहायला हवं. शेवटी कोरा कागदच पाठवून दिला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली की एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानेश्वरांना उत्तर द्यायला सांगितलं आणि त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर गेलं. तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे त्याच मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केलं. १४०० वर्षांचा शिष्य आणि तेरा-चौदा वर्षांच्या आसपासची गुरू. (हिशोब करून बघितला. परंपरेतलं वय खरं धरलं तर चांगदेव जन्मले तेव्हा सुनियनचं मंदिर सव्वातीनशे वर्षांहून जुनं झालेलं होतं.)

इथे एक गोंधळ निस्तरून टाकते, कारण रील्समध्ये तो सर्रास होतो. आपल्या जळगाव जिल्ह्याला दोन चांगदेव आहेत. दुसरा चांगदेव म्हणजे गणिती भास्कराचार्यांचा नातू. यादवांच्या दरबारातला ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे. हा चांगदेव आणि संगमावरचा योगी चांगदेव हे वेगळे. दुसरं म्हणजे, योगी चांगदेवांची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्यालाही सांगतात. तेव्हा कुणाशी वाद घालण्याआधी दोन्ही गावं बघून घ्या.

मंदिरात काय बघायचं?

मंदिर काळ्या दगडाचं, यादवकाळातलं मानलं जातं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. लोक त्याला 'हेमाडपंती' म्हणतात. हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. पण अंबरनाथचं मंदिर १०६० सालचं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, तरी त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. म्हणून हेमाडपंती म्हणजे हेमाडपंताने बांधलेलं असं समजू नका, बांधायची एक पद्धत समजा. दगड असे घडवायचे की एकात एक बसतील आणि वजनावरच उभे राहतील, चुना नको. भिंतीजवळ जाऊन दोन दगडांच्या मधली रेघ शोधा. नख शिरतं का बघा. मग बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा, घाई न करता. गाईड नाही, त्यामुळे हे काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

नख चालेल, खिळा नाही. सुनियनच्या एका दगडावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. १८१० च्या सुमारास तो तिकडे गेला होता. लोक आज ते नाव बघायला जातात आणि आता तिथे खांबांजवळ जायला बंदी आहे. आपल्याकडे 'राहुल प्लस कोणीतरी' कोरणारे बायरन पुष्कळ आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कायद्यात २०१० साली आणखी एक कडक तरतूद आली. स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण या सहलीतला खरा धोका तिथेच आहे. संगमाच्या खालच्या अंगाला तापीवर हतनूर धरण आहे, भुसावळ तालुक्यात. हे धरण झाल्यापासून संगमावर दोन नद्यांच्या दोन धारा दिसण्याऐवजी अथांग पसरलेला फुगवटा दिसतो. हिवाळ्यात तिथे परदेशी बदकं उतरतात आणि पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन येतात. (त्यातलं हतनूरच्या उजव्या कालव्याचं पाणी आपल्या यावल-चोपड्याकडे येतं. म्हणजे चांगदेवच्या पायरीशी दिसणारं पाणी पुढे आपल्याच केळीला मिळतं. हे आजीला सांगितल्यावर तिने पाण्याला पुन्हा एकदा हात जोडले.) पण हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि वर मध्य प्रदेशात किंवा वऱ्हाडात जोराचा पाऊस झाला की ते उघडतात. आपल्याकडे ऊन पडलेलं असलं तरी पाणी वाढू शकतं. जुलै ते सप्टेंबर या काळात निघायच्या आधी हतनूरची बातमी बघा आणि त्या दिवसांत काठावर उतरूच नका. एरवीही होडीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट मागा. नसेल तर बसू नका, होडीवाला कितीही 'काही होत नाही ताई' म्हणाला तरी. घाट वाटतो तिथे गाळ असतो आणि गाळात पाय कसा रुततो हे कोरड्या पायांनी कळत नाही.

आता जायचं कसं?

सगळ्यात सोपा मार्ग यावल, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर. भुसावळपर्यंत वीसेक किलोमीटर, पुढे महामार्ग. एकूण अंतर पन्नास-साठ किलोमीटरच्या घरात. मुक्ताईनगरहून चांगदेव जवळच आहे, पण शेवटचा हा टप्पाच सगळ्यात बेभरवशाचा. स्टँडवर चौकशी खिडकीपाशी जा आणि जायच्या बसआधी परतीच्या बसची वेळ विचारा. मी पहिल्या वेळी एका वेबसाइटवरच्या वेळेवर विसंबले आणि आजीला घेऊन पाऊण तास झाडाखाली बसले. शेवटी रिक्षा मिळाली.

पैशांचं म्हणाल तर एसटीत सध्या बायकांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. आजी ७६ ची, तिला शून्याचं तिकीट मिळालं. तिने ते घडी करून पाकिटात ठेवलंय. आधार कार्ड मात्र बरोबर हवं, कंडक्टर बघतात.

खरोखरची 'कोच टूर' करायची असेल, म्हणजे बचत गट, भजनी मंडळ किंवा अख्खी गल्ली, तर एसटीची बस प्रासंगिक करारावर घेता येते. लग्नाच्या वऱ्हाडाला घेतात तशीच. आगारात अर्ज करायचा, किलोमीटर आणि वेळ ठरवायची. दहा-बारा जण असाल तर क्रूझर परवडते. माझ्या मते वडीलधारे बरोबर असतील तर स्वतःची गाडी ठरवणंच बरं, कारण अर्ध्या दिवसात दोन बस बदलणं आणि परतीची वाट बघणं हेच जास्त दमवतं, देऊळ नाही.

वेळेचं गणित असं. सकाळी साडेसहाला यावल सोडा. नऊच्या आत-बाहेर मंदिरात पोचलात तर दीड तास निवांत मिळतो. परतताना मुक्ताईचं दर्शन घ्या. कोथळीला जुनं मंदिर आहे आणि मुक्ताईनगर गावात नवं. परंपरेनुसार १२९७ साली मुक्ताबाई याच परिसरात वीज कडाडली तेव्हा गुप्त झाल्या. ती जागा नेमकी कोणती यावर कोथळी आणि मेहूण या दोन गावांची आपापली श्रद्धा आहे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, घरातली मोठी माणसं अजून तेच म्हणतात. एक-दीडच्या सुमारास तुम्ही यावलला परत, जेवण घरी.

उन्हाळ्यात ही सगळी वेळ एक तास अलीकडे ओढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काळा दगड दहानंतर तव्यासारखा तापतो. चप्पल बाहेर काढावी लागते, म्हणून पिशवीत मोजे ठेवा. हसू नका, आजीला माझे मोजे द्यावे लागले आणि मी टाचांवर उड्या मारत प्रदक्षिणा पूर्ण केली. सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. फक्त माघ वद्य एकादशी ते महाशिवरात्र हे दिवस वेगळे. तेव्हा मुक्ताई-चांगदेवची यात्रा भरते, दिंड्या येतात, गुरू-शिष्याची ही भेट लाखांच्या गर्दीत होते. यात्रा बघायची असेल तर जरूर तेव्हाच जा, पण मग अर्ध्या दिवसाचा हट्ट सोडा. आणि निवांत कोरीवकाम बघायचं असेल तर मधल्या वारी, सोमवार आणि एकादशी टाळून.

मैत्रिणीला मी चांगदेवचा फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, "तिकीट किती?" मी आजीच्या शून्याच्या तिकिटाचा फोटो काढून पाठवला.